हायब्रिड गाडीची बॅटरी कधी बदलावी: बडोद्यातील नव्या मालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी मी २०१४ सालची कॅमरी हायब्रिड जुन्या गाड्यांच्या बाजारातून घेतली. पुढच्याच मे महिन्यात, कारेलीबागेतून मांजलपूरकडे जाताना, हायब्रिड यंत्रणा तपासून घेण्याचा इशारा डॅशबोर्डवर आला. मी गाडी ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे कोणतेही मोजमाप न करता ‘बॅटरी गेली, नवीन बसवावी लागेल’ असे सांगण्यात आले. ती बॅटरी आजही माझ्या गाडीत आहे. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जाळीवर सीटकव्हरचे तंतू आणि धूळ यांचा जाड थर बसला होता, आणि तो काढल्यावर इशारा पुन्हा आला नाही. त्यानंतर ओळखीच्या अनेकांच्या गाड्या पाहताना माझे मत पक्के झाले आहे की बॅटरी बदलण्याचा निर्णय गाडीच्या वयावरून किंवा एका लाल दिव्यावरून घेऊ नये. आधी कमी खर्चाची कारणे क्रमाने वगळावीत, मग बॅटरी प्रत्यक्ष मोजावी, आणि शेवटी गाडी किती वर्षे ठेवायची आहे हे ठरवून हिशेब करावा. पुढील मांडणी याच क्रमाने केली आहे.

आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे?

‘हायब्रिड’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या गाड्या विकल्या जातात, आणि नव्या मालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. माइल्ड हायब्रिड गाडी केवळ विजेवर चालत नाही. तिच्यातील बॅटरी इंजिनाला थोडा हातभार लावते आणि सिग्नलवर बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्यास मदत करते. मारुतीच्या २०१८ नंतरच्या पेट्रोल सियाझमध्ये नेहमीच्या बॅटरीसोबत अशी एक लहान लिथियम-आयन बॅटरी असते. ती थकली तरी गाडी सहसा चालत राहते, त्यामुळे तिच्या मालकाने फार घाबरण्याचे कारण नाही.

हा लेख मुख्यतः स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे काही अंतर केवळ विजेवरही चालू शकणाऱ्या गाड्यांसाठी आहे. माझ्या गाडीसारख्या जुन्या कॅमरी आणि इनोव्हा हायक्रॉस यांत निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची बॅटरी असते, तर २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटारा, हायरायडर आणि होंडा सिटी हायब्रिड यांत लिथियम-आयन बॅटरी असते. माझ्या गाडीच्या पिढीतल्या कॅमरीत प्रत्येकी ७.२ व्होल्टची ३४ मॉड्यूल, म्हणजे बॅटरीचे सुटे घटक, एकामागोमाग जोडलेली असून एकूण विद्युत दाब (व्होल्टेज) २४४.८ व्होल्ट आहे. इतका दाब माणसाचा जीव घेऊ शकतो. नारिंगी रंगाच्या जाड तारांना मालकाने हात लावू नये आणि बॅटरीचे झाकण स्वतः उघडू नये. या लेखात मालकाने करावयाच्या म्हणून सांगितलेल्या सर्व गोष्टी झाकणाच्या बाहेरच्या आहेत.

हेही आरंभीच समजून घ्यावे की अशा गाड्यांत इंजिन सुरू करण्यासाठी साध्या गाडीसारखा वेगळा स्टार्टर नसतो. इंजिनाला पहिला वेग देणारी मोटर याच मोठ्या बॅटरीवर चालते. त्यामुळे ‘बॅटरी गेली तर पेट्रोलवर चालवू’ हा समज चुकीचा आहे: बॅटरी पूर्ण निकामी झाली तर इंजिन धडधाकट असूनही गाडी जागची हलत नाही. अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर कुटुंबासह असा प्रसंग येणे किती त्रासाचे आहे, याची कल्पना करता येईल. म्हणून घाईने बदलणे जसे नुकसानीचे आहे, तसेच शेवटच्या दिवसापर्यंत ओढत राहणेही शहाणपणाचे नाही.

वॉरंटीची तारीख

टोयोटा, मारुती आणि होंडा यांच्या सध्याच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, वॉरंटी आहे. जुनी गाडी घेतली असल्यास पहिल्या विक्रीची तारीख आरसी पुस्तकावरून आणि सर्व्हिसच्या नोंदींवरून काढावी. मुदत संपण्याला सहा महिने उरले असतील तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तपासणी मागावी आणि तिचा छापील अहवाल घ्यावा. तोंडी ‘सगळे ठीक आहे’ पुरेसे नाही.

बारा व्होल्टची बॅटरी आधी वगळावी

या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. तिचे काम इंजिन फिरवणे नसून गाडीचे संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीची जोडणी करणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, चालू करणे हे असते. ती कमकुवत झाली की संगणकांना पुरेसा दाब मिळत नाही, डॅशबोर्डवर एकाच वेळी पाचसहा दिवे लागतात, गाडी चालण्यास तयार असल्याचे सांगणारा ‘रेडी’ हा शब्द उमटत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की मोठी बॅटरी गेली. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, म्हणून हा गोंधळ महागात पडतो.

तपासणी सोपी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी साध्या मल्टीमीटरने दाब मोजावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी भरलेली आहे; १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असल्यास ती चार्ज करून पुन्हा मोजावी आणि भार देऊन, म्हणजे तिच्यातून जास्त वीज घेऊन, तपासून घ्यावी. चार-पाच उन्हाळे काढलेली बॅटरी भार दिल्यावर कोसळत असेल तर ती बदलून मगच पुढचा विचार करावा. काही हायब्रिड गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते आणि तिच्यातून वायू बाहेर जाण्याची नळी जोडलेली असते. तिथे हाताला येईल ती बॅटरी न बसवता त्याच प्रकारची बसवावी.

पंखा, जाळी आणि बडोद्याचा उन्हाळा

बॅटरीचे आयुष्य सर्वांत जास्त कमी करणारी गोष्ट म्हणजे उष्णता. बडोद्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर राहतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील हवा त्याहून कितीतरी जास्त तापते. कॅमरीसारख्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी पंखा प्रवाशांच्या भागातील हवा ओढतो. म्हणजे आपण एसी लावून आतली हवा गार केली तर बॅटरीलाही तीच गार हवा मिळते. एकट्याने गाडी चालवताना पेट्रोल वाचवण्यासाठी मेच्या दुपारी एसी बंद ठेवून काचा उघडणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण वाचलेल्या पेट्रोलपेक्षा बॅटरीची झीज अधिक खर्चिक ठरते.

पंख्याची हवा आत जाण्याची जाळी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या भागात असते. नेमकी जागा मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती जागा शोधून तिच्यासमोर बॅग, उशी, गोधडी किंवा छत्री ठेवण्याची सवय घरातील सर्वांनी सोडली पाहिजे. आमच्याकडे नवरात्रात गरब्याचे कपडे भरलेल्या पिशव्या नेमक्या तिथेच ठेवल्या जात, आणि त्यामुळे पंखा गुदमरतो हे मला माहीतच नव्हते. जाळीमागे फिल्टर असल्यास तो दर सहा महिन्यांनी काढून साफ करावा. पाणी मारू नये आणि हवेच्या जोरदार झोताने धूळ आत ढकलू नये. व्हॅक्यूम क्लीनरने ती बाहेर ओढावी. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे त्यांनी हे काम दर तीन महिन्यांनी करावे. पंख्याच्या पात्यांपर्यंत धूळ गेली असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरमध्येच खोलून साफ करून घ्यावे.

मागच्या सीटवरून पंख्याचा आवाज पूर्वीपेक्षा लवकर आणि मोठा येऊ लागला असेल तर त्याचे दोन अर्थ होतात: हवा अडते आहे, किंवा बॅटरीचा अंतर्गत रोध (विजेच्या प्रवाहाला आतून होणारा अडथळा) वाढून ती खरोखरच जास्त तापते आहे. जाळी साफ केल्यावरही आवाज तसाच राहिला तर दुसऱ्या शक्यतेकडे वळावे.

नोंदवही

हायब्रिड बॅटरी सहसा एका दिवसात जात नाही. ती हळूहळू सूचना देते, पण रोज गाडी चालवणाऱ्याच्या लक्षात बदल येत नाही. म्हणून पेट्रोल भरताना किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवावेत. ॲव्हरेजची तुलना मात्र मे महिन्याची मे महिन्याशीच करावी, कारण एसीच्या भाराने उन्हाळ्यात ॲव्हरेज तसेही घसरते आणि त्याचा दोष बॅटरीला देणे अन्यायाचे होईल. टायरची हवा कमी असणे हेही ॲव्हरेज घटण्याचे नेहमीचे कारण आहे.

ॲव्हरेजपेक्षा अधिक खरे बोलणारे लक्षण म्हणजे स्क्रीनवरील चार्जच्या रेघा. निरोगी बॅटरीत त्या संथपणे वरखाली होतात. संगणक तिला पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. निकेलच्या बॅटऱ्यांत तो साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान खेळ चालू ठेवतो. थकलेल्या बॅटरीची धारणशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे सिग्नलवर एसी चालू असताना रेघा पाहता पाहता खाली येतात आणि थोडे ब्रेक लावताच पुन्हा वर चढतात.

हे पाहण्यासाठी आपल्याजवळ पावागढचा रस्ता आहे. चांपानेरहून माचीपर्यंत चढताना बॅटरी किती वेळ साथ देते आणि उतरताना ती किती लवकर ‘पूर्ण भरली’ असे दाखवते, हे दर सहा महिन्यांनी त्याच वेगाने, तितकेच प्रवासी घेऊन पाहावे आणि लिहून ठेवावे. उतार सुरू होऊन थोडेसे अंतर जाताच रेघा वर टेकल्या आणि इंजिन ब्रेकिंगसाठी जोरात फिरू लागले, आणि मागच्या खेपेला असे होत नव्हते, तर बॅटरीची साठवण घटली आहे असे समजावे. शहरातल्या शहरात पाहायचे असेल तर गेंडा सर्कलपासून मनीषा चोकडीपर्यंतचा अटल पूल आणि त्याखालचा सिग्नलांचा रस्ता एका ठरलेल्या वेळी जाऊन-येऊन पाहावा.

मोजमाप: निर्णयाचा खरा आधार

आता ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचणारे उपकरण, लागतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा आणि मोबाइलशी ब्लूटूथने जोडला जाणारा लहान स्कॅनर सहज मिळतो, आणि हायब्रिड गाड्यांची माहिती दाखवणारी मोबाइल ॲपही आहेत. स्वतः करायचे नसेल तर मकरपुऱ्याच्या बाजूला किंवा अन्यत्र ज्या गॅरेजमध्ये हायब्रिड बॅटरीचे ब्लॉक वेगवेगळे दाखवणारा स्कॅनर आहे तिथे जावे, आणि आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावेत. संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड तेवढा वाचून दाखवणारा स्कॅनर या कामाला अपुरा आहे.

माझ्यासारख्या कॅमरीत गाडीचा संगणक दोन-दोन मॉड्यूलचा एक असे १७ ब्लॉक मोजतो. प्रत्येक ब्लॉकचा नाममात्र दाब १४.४ व्होल्ट असला तरी प्रत्यक्षात शांत स्थितीत तो त्याहून व्होल्ट-दीड व्होल्टने जास्त दिसणे स्वाभाविक आहे. त्या आकड्यापेक्षा ब्लॉकांमधील आपापसातील फरक महत्त्वाचा असतो. आकडे तीन स्थितींत घ्यावेत: गाडी ‘रेडी’ असून उभी असताना, रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर जोरात वेग घेताना, आणि लांबून हळूहळू ब्रेक लावताना. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे पाहू नये. आकडे शेजारी बसलेल्याने लिहावेत. गाडी अर्धा तास चालवून बॅटरी गरम झाल्यावर हे करावे, कारण सकाळच्या गारव्यात कमकुवत ब्लॉकही काही काळ नीट वागतो.

उभ्या गाडीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ब्लॉकमधील फरक ०.१ किंवा ०.२ व्होल्ट असेल तर काळजी करू नये. वेग घेताना तो ०.५ व्होल्टच्या पुढे जाऊ लागला तर मी दर महिन्याला मोजणी सुरू करतो, आणि १ व्होल्टच्या पुढे सातत्याने जात असेल तर ती बॅटरी शेवटच्या टप्प्यात आहे असे धरतो. हे आकडे कंपनीच्या पुस्तिकेतले नसून माझ्या वापरातले आहेत. त्याहून महत्त्वाची खूण अशी की वेग घेताना जो ब्लॉक सर्वांत खाली जातो तोच ब्रेक लावताना सर्वांत वर जातो का, हे पाहावे. तसे असेल तर त्या ब्लॉकचा अंतर्गत रोध वाढला आहे. दर वेळी वेगळाच ब्लॉक खाली दिसत असेल तर घाई करू नये. बॅटरी बराच काळ उभी राहून असमतोल झालेली असू शकते. मुलांकडे परदेशी जाऊन तीन-चार महिने गाडी बंद ठेवणाऱ्या ज्येष्ठांच्या गाड्यांत हे मी दोनदा पाहिले, आणि काही आठवड्यांच्या नियमित वापरानंतर तफावत कमी झाली. अशांनी शेजाऱ्याला किल्ली देऊन दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी अर्धा तास ‘रेडी’ स्थितीत मोकळ्या हवेत चालू ठेवण्यास सांगावे.

कोडचे वाचनही काळजीपूर्वक करावे. पी०ए८० हा कोड ‘हायब्रिड बॅटरी संच बदला’ अशा अर्थाचा आहे आणि ब्लॉकांमधील तफावत मर्यादेपुढे गेल्यावर तो नोंदला जातो. पण संगणक केवळ तारांवरून आलेला दाब वाचत असतो. मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर पावसाळी दमटपणाने हिरवट गंज चढला की तिथेही दाब पडतो आणि चांगला ब्लॉक वाईट दिसतो. प्रशिक्षित माणसाकडून झाकण उघडून त्या पट्ट्या पाहून घेणे, हे बॅटरी बदलण्याआधीचे शेवटचे स्वस्त काम आहे. तो माणूस सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा प्लग) काढून, किमान दहा मिनिटे थांबून, उच्च दाबाचे रबरी हातमोजे घालूनच हात लावतो की नाही, एवढ्यावरून त्याची पात्रता कळते. पी०एए६ हा कोड मात्र वेगळा आहे. तो विद्युतरोधन (इन्सुलेशन) घटल्याचा, म्हणजे उच्च दाबाची वीज गाडीच्या सांगाड्याकडे गळत असल्याचा आहे. त्याचे कारण बॅटरीत असेल किंवा एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये असेल. कारण सापडेपर्यंत गाडी वापरू नये.

पुराचे पाणी शिरले असल्यास

विश्वामित्री नदीकाठच्या शहरात हे सांगणे भागच आहे. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांना वरचे टप्पे लागू होत नाहीत. मागच्या सीटच्या किंवा डिकीच्या तळापर्यंत पाणी आले असेल तर गाडी सुरू करून पाहू नये, छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलून न्यावी. सुकल्यावर गाडी चालू झाली म्हणून बॅटरी वाचली असे होत नाही. आतला गंज महिन्यांनी बोलतो. पुरानंतरच्या वर्षात बडोद्यात जुनी हायब्रिड घेणाऱ्याने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालच्या टोकाशी चिखलाची रेघ आहे का ते आवर्जून पाहावे.

हिशेब

मोजमापाने बॅटरी थकल्याचे ठरले तर पुढचा प्रश्न पैशाचा आहे. इथे बहुतेक जण ‘पेट्रोल वाचेल’ या एकाच मुद्द्यावर थांबतात. समजा महिन्याला १,००० किलोमीटर चालते, चांगल्या बॅटरीवर लिटरला १८ आणि थकलेल्या बॅटरीवर १४ किलोमीटर मिळतात, आणि पेट्रोल ९५ रुपये आहे. तर फरक सुमारे १६ लिटरचा, म्हणजे महिन्याला दीड हजार रुपयांचा पडतो. आता नव्या बॅटरीचे कोटेशन २,४०,००० रुपये आहे आणि गाडी आणखी पाच वर्षे ठेवायची आहे असे धरले, तर बॅटरीचा खर्च महिन्याला ४,००० रुपये होतो. केवळ पेट्रोलच्या बचतीवर तो कधीच भरून निघणार नाही. खरी तुलना अशी करावी: हे ४,००० रुपये अधिक गाडीची इतर देखभाल, की तितकीच प्रशस्त दुसरी गाडी घेऊन तिचा हप्ता? ज्या गाडीचे इंजिन, सस्पेन्शन आणि बॉडी उत्तम आहे तिच्या बाबतीत उत्तर बहुधा बॅटरीच्या बाजूने येते. नोंदणीची १५ वर्षे संपायला दोनच वर्षे उरली असतील आणि पुढे नूतनीकरणाचा विचार नसेल तर उत्तर उलटे येते.

दुरुस्त केलेली बॅटरी स्वस्त दिसते, पण तिचाही असाच हिशेब करावा. समजा ती ९०,००० रुपयांना मिळाली आणि दोन वर्षे टिकली, तर महिन्याला ३,७५० रुपये पडले. ही बचत नव्हे, आणि मध्ये गाडी बंद पडण्याची धास्ती वेगळी. जुन्या संचातील एकच वाईट मॉड्यूल बदलून देणाऱ्यांकडे तर मी जाणार नाही. एक बदलले की उरलेल्या थकलेल्यांपैकी दुसरे काही महिन्यांत मान टाकते, कारण सर्वांचे वय सारखेच असते. गाडी लवकरच विकायची असेल आणि घेणाऱ्याला तसे स्पष्ट सांगणार असाल, तरच दुरुस्त संचाचा विचार करावा. त्या वेळी प्रत्येक मॉड्यूलची मोजलेली क्षमता लेखी मागावी. माझ्यासारख्या कॅमरीच्या नव्या मॉड्यूलची क्षमता ६,५०० मिलीॲम्पिअर-अवर असते, तेव्हा किती उरली आहे ते समजेल आणि सर्व मॉड्यूल एकमेकांशी जुळतात का हेही दिसेल. लिथियम-आयन संचात सेल बदलण्याचा प्रयोग करूच नये. तिथे आगीचा धोका आहे.

वेळेबद्दल एवढेच की तपासणी फेब्रुवारीत करावी. तफावत वाढलेली बॅटरी हिवाळा काढते आणि मेमध्ये रस्त्यात सोडते, आणि त्या वेळी संच मागवून येईपर्यंत वाट पाहण्याखेरीज हाती काही राहत नाही. पी०ए८० कोड पुसल्यानंतर आठवड्याभरात परत आला, जाळी, १२ व्होल्टची बॅटरी आणि पट्ट्या तपासून झाल्या आहेत, आणि तोच ब्लॉक दर वेळी कोसळतो आहे, अशी स्थिती असेल तर मग थांबू नये. तोवर शहराबाहेर गाडी नेऊ नये.

नवीन संच घेताना त्याची निर्मितीची तारीख, वॉरंटीतील वर्षे आणि मजुरीचा समावेश बिलावर लिहून घ्यावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती बसवणाऱ्याकडेच पावती घेऊन जमा करावी. नवा संच बसल्यावर पहिल्याच आठवड्यात पंख्याची जाळी पुन्हा पाहावी, सर्व ब्लॉकांचे आकडे तिन्ही स्थितींत घ्यावेत, आणि ते तारखेसह वहीच्या नव्या पानावर लिहावेत.